जागा घेणारे, जागा देणारे: जॅझ गिटारवादकाचा अल्बम कसा ऐकायचा

रविवारची दुपार. सदाशिव पेठेतलं मामाचं घर, जेवणं नुकतीच आटपलेली, आणि मी फोनला स्पीकर जोडून जॉन मॅकलॉफ्लिन यांचा 'फ्लोटिंग पॉइंट' हा अल्बम लावलेला. मामा पक्का सवाईवाला. महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा रमणबागेत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसणाऱ्यांपैकी. जॅझ म्हटलं की "ते तुमचं वेगळं" म्हणून तो बाजूला होतो. पण या अल्बमची पहिली रचना 'अब्बाजी' आहे आणि ती उस्ताद अल्लारखाँ यांना अर्पण केली आहे, एवढं सांगितल्यावर सरसावून बसला. चार-पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "कव्हरवर नाव गिटारवाल्याचं आहे ना? मग यात गिटार कुठाय रे?"

त्या दुपारी मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढच्या तीन-चार रविवारी मिळून दिलं. तेच इथे लिहितो आहे. ज्यांना गाणं कळतं, ताल हातावर धरता येतो, पण जॅझचा अल्बम लावला की हे सगळे एकदम काय वाजवतायत असं होऊन जातं, त्यांच्यासाठी.

आधी माणूस कोण ते बघू. मॅकलॉफ्लिन १९४२ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये जन्मले. १९६९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला आले आणि काही दिवसांतच ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बमच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसले. म्हणजे तिथे पाहुणे तेच होते. डेव्हिस यांनी त्यांना सांगितलं की गिटार येतच नाही असं समजून वाजव. ही आठवण मॅकलॉफ्लिन स्वतः सांगत आले आहेत. पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा विजेच्या वाद्यांचा दणदणीत बँड त्यांनी काढला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती'. 'शक्ती'साठी त्यांनी मुद्दाम गिटार बनवून घेतली. तिच्यावर मुख्य तारांच्या खालून आडव्या जाणाऱ्या तरफेच्या तारा होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं, तार ओढून मींड घेता यावी म्हणून. भारतीय संगीत हौसेपुरतं चाखायचं असतं तर कुणी लाकूड कोरून घेत नाही.

'फ्लोटिंग पॉइंट' चेन्नईत २००७ साली रेकॉर्ड झाला आणि २००८ मध्ये बाहेर आला. कीबोर्डवर लुई बँक्स. 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चाल अशोक पत्की यांची आणि वाद्यांची मांडणी या बँक्स यांची, म्हणजे पुण्याच्या घराघरांत त्यांचं काम नाव माहीत नसताना पोचलेलं आहे. ड्रमवर रणजित बारोट, कथकच्या सितारादेवींचे चिरंजीव. तालवाद्यांवर शिवमणी, सॅक्सोफोनवर जॉर्ज ब्रूक्स, आणि बास गिटारवर तेव्हा जेमतेम बाविशी-तेविशीतला फ्रेंच मुलगा हाद्रियाँ फेरो. हे झाले घरचे. आणि एखाद्-दुसऱ्या रचनेपुरते येऊन जाणारे वेगळेच: शंकर महादेवन, जे आपल्याला 'कट्यार'मधले पंडितजी म्हणून जवळचे, विजेवरची सतार वाजवणारे निलाद्री कुमार, ब्रिजभूषण काब्रा यांचे शिष्य असलेले स्लाइड गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य, कर्नाटकी बासरीवादक शशांक, मँडोलिनवर यू. राजेश.

यादी ऐकून मामा म्हणाला, "एवढे सगळे? हा तर महोत्सवच झाला की."

फरक इतकाच की महोत्सवात एक उठतो आणि दुसरा बसतो. इथे सगळे एकाच वेळी बैठकीवर आहेत. आपण गाण्याबद्दल बोलताना 'काय जागा घेतली!' म्हणतो. गवई एखाद्या ठिकाणी असं काही करतो की अंगावर काटा येतो, ती जागा. जॅझच्या अशा अल्बममध्ये पाहुणा जागा घेतो हे खरंच. पण त्याआधी कुणीतरी ती मोकळी करून दिलेली असते. ती कुणी दिली, कशी दिली, हे ऐकायला लागलं की हा गलका गलका राहत नाही. मला तरी जॅझ तिथून कळायला लागलं.

गिटार मुळात या संगीतात मागे बसणारं वाद्य. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत तिचा आवाज पोचायचाच नाही. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं बसले आणि बहुतेक काळ एकच काम करत राहिले: दर 'बार'मधल्या, म्हणजे तालाच्या एका खणातल्या, चार मात्रांना चार फटके. सोलो जवळजवळ नाहीच. त्यांनी वाजवणं थांबवलं तर श्रोत्याला काय गेलं ते सांगता आलं नसतं, पण सगळा वाद्यवृंद लंगडा वाटला असता. मग गिटारला विजेचा आवाज मिळाला, १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये आले आणि गिटार सॅक्सोफोनसारखी एकेका स्वराने बोलायला लागली. त्यानंतर वेस मॉन्टगोमरी. दिवसा कारखान्यात काम, रात्री रियाज. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून नखी सोडून ते नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागले आणि तो मऊ, गोल आवाज हीच त्यांची ओळख झाली. जानेवारी १९६० मध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या अल्बमने जॅझ गिटारची दिशा ठरवली. गिटार पुढे आली, पण साथ करण्याचं तिचं अंग गेलं नाही. एकाच माणसाला कधी गवई व्हायचं असतं, कधी पेटीवाला.

आता रचना कशी चालते ते. जॅझची साधी चीज घ्या. आधी सगळे मिळून धून वाजवतात, तिला 'हेड' म्हणतात. ही बंदिश समजा. मग एकेक जण सोलो घेतो आणि शेवटी पुन्हा हेड. इथवर सोपं आहे. खरी मेख अशी की हेडची लांबी ठरलेली असते. जुन्या लोकप्रिय धुनांमध्ये ती बहुधा ३२ बारांची, एका बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे: पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा, मग पुन्हा पहिला. अस्थायी, अस्थायी, अंतरा, अस्थायी. ब्लूजची धून १२ बारांची, ४८ मात्रांची. सोलो सुरू झाला की धून थांबते, पण तिचा सांगाडा थांबत नाही. तेच १२८ मात्रांचं आवर्तन, त्याच क्रमाने येणाऱ्या त्याच कॉर्ड्स (एकदम वाजवलेले स्वरांचे गट), खालून फिरत राहतात आणि सोलो घेणारा त्यांच्यावर नवी धून रचत जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असं एक आवर्तन ६४ सेकंदांचं होतं. कुणी दोन आवर्तनं घेतो, कुणी पाच.

मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे सम आहे."

आहे. पण तिचा पत्ता सांगणारा तबला नाही. तबल्याचा ठेका ऐकून आपल्याला कळतं की आता खाली आली, आता सम येणार. जॅझचा ड्रमवाला तसा ठेका धरत नाही. उजव्या हाताने झांजेवर लय राखतो आणि उरलेल्या हातापायांनी सोलोवाल्याशी बोलत राहतो. आवर्तन कुठे पोचलं हे सांगतात त्या कॉर्ड्स. त्यामुळे श्रोत्याने एक काम करायचं: हेड दोनदा-तीनदा ऐकून तोंडात बसवायचं, आणि सोलो चालू असताना ते मनातल्या मनात म्हणत राहायचं. मामाने हे पहिल्यांदा केलं तेव्हा बोटांची पेरं मोजत मोजत विसाव्या बारापर्यंत गेला आणि अंतऱ्यात हरवला. दुसऱ्यांदा बरोबर समेवर आला आणि त्याने मांडीवर अशी थाप मारली की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

लयीबद्दल एकच सांगतो. जॅझची लय डुलते. मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, मध्यम लयीत साधारण दोनास एक. हे आपल्या कानांना नवीन नाही. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये हीच डूल आणली, आणि त्यांच्या हाताखाली चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे कलाकार दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला यायचे, त्यांनी ही लय आपल्या आजी-आजोबांच्या ओठांवर नेऊन ठेवली.

कॉर्ड्सवर मात्र जरा थांबू, कारण पाहुण्याची खरी अडचण तिथेच आहे.

मामाकडे जुनी पेटी आहे. भाता मी सांभाळला, बोटं त्याची. सा धरला पांढरी एक. म्हटलं, उजव्या हाताने मधल्या सप्तकातला गंधार दाबून ठेव, काही झालं तरी सोडू नकोस. डाव्या हाताने सा आणि प दाब. छान, भरलेला, सुखी गंधार. आता डावा हात हलव, मंद्र धैवत आणि सा. गंधार तोच, पट्टीवरचं बोट तेच, पण त्याचा रंग उतरला. सुखी होता तो एकदम विचारात पडल्यासारखा झाला. आता मंद्रातले म, ध आणि वरचा सा. गंधार पुन्हा तोच, पण आता तो कुठेतरी टेकायला जागा शोधतोय असं वाटतं. मामाने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग म्हणाला, "स्वर हलत नाहीये. जमीन हलतेय."

याहून चांगलं मला सांगता येणार नाही. आपल्याकडे तानपुरा ही न हलणारी जमीन. गंधाराचं नातं एका षड्जाशी, आणि ते नातं तासभर उलगडत जाणं हाच राग. जॅझमध्ये दर बाराला, कधी दर दोन मात्रांना जमीन सरकते आणि तोच स्वर नव्या नात्यात उभा राहतो. जॅझवाल्याचं सगळं शहाणपण त्या सरकण्याचा अंदाज घेऊन पाऊल टाकण्यात आहे. रागवाल्याचं सगळं शहाणपण एका जागी ठाण मांडून खोल जाण्यात. दोघांना एका रचनेत बसवायचं तर कुणीतरी सरकायला हवं.

वाट एक अशी की पाहुण्यापुरती जमीन थांबवायची. जॅझवाल्यांना ही कल्पना परकी नाही. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या पहिल्याच रचनेत १६ बार एकाच स्वरसमूहावर जातात, मग ८ बार तोच समूह अर्धा स्वर वर, मग ८ बार परत मूळ ठिकाणी. एवढ्या मोकळ्या मैदानात रागाचा माणूस सहज चालू शकतो. दुसरी वाट म्हणजे पाहुण्याने कॉर्ड्स शिकून घ्यायच्या. नव्या पिढीचे बरेच जण त्या शिकलेलेच असतात. आणि तिसरी वाट मी पुण्यातच पाहिली.

माझा एक मित्र इथला गिटारवादक आहे. गेल्या पावसाळ्यात तो कर्वेनगरच्या बाजूला एका छोट्या स्टुडिओत स्वतःचा अल्बम रेकॉर्ड करत होता आणि एका रचनेसाठी त्याने बासरीवाला बोलावला होता, हिंदुस्थानी तालमीतला. मी काचेच्या अलीकडे बसून बघत होतो. बासरीवाला बूथमध्ये आला, कापडी पिशवीतून बासऱ्या काढल्या, आणि बराच वेळ नुसता फुंकत राहिला, कारण गार बासरीचा स्वर खाली बसतो. रचना पांढरी तीनमध्ये सुरू होत होती. बासरीवाल्यासाठी उत्तम, मोठ्या बासरीची ती नेहमीची पट्टी. पण मधल्या भागात रचना उडी मारून पांढरी पाचमध्ये जात होती.

आता पांढरी तीनच्या बासरीवर पांढरी पाच म्हणजे कोमल गंधार, तो अर्ध्या भोकावर काढायचा. काढता येतो, पण त्यालाच सा मानून त्याच्याभोवती मींड, गमक, मुरक्या घ्यायच्या म्हणजे बोटांचं सगळं गणित फिरतं. त्याने दोन टेक दिले. स्वर चुकला नाही, पण वाजवणाऱ्याची ऐट गेली होती. ते हेडफोनमधून ऐकताना सगळ्यांनाच कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्याच्या जोडीला आणखी एक बारीक खुपणं होतं. पहिल्या भागात, पट्टी जमलेली असतानाही, बासरी गंधारावर थांबली की काहीतरी कुरकुरायचं. कारण गिटारचे पडदे पक्के ठोकलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि त्या हिशोबात शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा पडतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग चढा. बासरीवाल्याचा कान तानपुऱ्याचा, तो फुंकीने नेमका आपला गंधार लावत होता. गिटारची कॉर्ड तिचा गंधार वाजवत होती. दोघंही बरोबर, आणि एकत्र चूक.

मित्राने गिटार खाली ठेवली, बूथमध्ये गेला, दोघं पाच मिनिटं बोलले. परत आल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. बासरीच्या सोलोखालच्या लांब कॉर्ड्समधून गंधार काढून टाकला. नुसते सा आणि प, मधली तार तळव्याच्या कडेने दाबून मुकी केलेली. कॉर्डचा प्राण म्हणजे गंधार, तीच जागा त्याने पाहुण्याला दिली. आणि पट्टी बदलायच्या आधी दोन बार वाढवले. मुळात ते रचनेत नव्हतेच. आठ मात्रा, त्या लयीत पाच सेकंद, फक्त बास आणि ड्रम. तेवढ्यात बासरीवाला मांडीवरची दुसरी बासरी, पांढरी पाचची, उचलणार.

पुढचा टेक अल्बममध्ये आहे. त्या पाच सेकंदांत नीट कान दिला तर एक बासरी सतरंजीवर ठेवल्याचा हलका आवाज येतो आणि मग श्वास. रेकॉर्डिंग करणाऱ्याने विचारलं, साफ करू का? मित्र नको म्हणाला.

अडचण नेहमी परदेशी वाद्य आणि देशी वाद्य यांचीच असते असंही नाही. सगळ्यात अवघड पाहुणा म्हणजे पियानो. कारण गिटार आणि पियानो दोघंही कॉर्ड वाजवू शकतात, आणि सोलो चालू असताना मागे कॉर्ड्सची साथ देणं हे दोघांचंही काम. दोघांनी एकदम द्यायला सुरुवात केली की एका ताटात दोन वाढपी. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी १९६२ च्या 'द ब्रिज'साठी पियानो ठेवलाच नाही, साथीला जिम हॉल यांची गिटार घेतली, आणि त्या अल्बममध्ये हवा किती खेळती आहे ते ऐकण्यासारखं आहे. त्याच वर्षी हॉल यांनी पियानोवादक बिल इव्हान्स यांच्याबरोबर 'अंडरकरंट' केला. फक्त दोघं. बास नाही, ड्रम नाही. जिथे दोघं एकमेकांच्या पायात येणार असं वाटतं तिथे नेमका एक जण हात आखडता घेतो. इव्हान्स सोलो घेतात तेव्हा हॉल कुठे इतक्या हलक्या हाताने चार मात्रांचे चार स्पर्श देत राहतात की ड्रम नाही याची आठवणच राहत नाही. फ्रेडी ग्रीन यांचंच काम, फक्त दोन माणसांच्या खोलीत. ज्याला जॅझ गिटार ऐकायला सुरुवात करायची आहे त्याला मी हा अल्बम देतो, एकट्याने, रात्री, हेडफोन लावून.

स्टुडिओच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. पूर्वी सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवायचे. चुकलं की पहिल्यापासून. आता प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतात, म्हणून काचेचे बूथ, म्हणून गिटारचा अँप दुसऱ्या खोलीत आणि गिटारवाला भलतीकडेच. त्यामुळे पाहुणा नंतर, दुसऱ्या शहरातूनही आपला भाग भरून पाठवू शकतो. करोनाच्या काळात असं खूप झालं. मॅकलॉफ्लिन यांचा २०२१ चा 'लिबरेशन टाइम' असाच वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या वादकांना जोडून झाला. हे कमी दर्जाचं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. पाहुण्याने तिहाई घेतली तर ड्रमवाला तिच्या दुसऱ्या पल्ल्यालाच ओळखून समेवर त्याच्याबरोबर येतो का? आला तर दोघं त्या क्षणी एकमेकांना ऐकत होते. नंतर भरलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पाहुणा ड्रमवाल्याला ऐकतो, ड्रमवाला मात्र पाहुण्याला ऐकू शकत नाही, तो आधीच वाजवून घरी गेलेला असतो. 'फ्लोटिंग पॉइंट' सगळ्यांनी चेन्नईत जमून वाजवलेला आहे आणि ते दर मिनिटाला जाणवतं. बारोट यांचे ड्रम तर पाहुण्याच्या तोंडून शब्द सुटायच्या आधी मान डोलावतात.

अल्बमसोबत श्रेयनामावली असते, ती वाचायची सवय ठेवा. कोण कोणत्या रचनेत आहे ते तिथे कळतं. काही पाहुण्यांच्या नावापुढे अमुक कंपनीच्या सौजन्याने असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो कलाकार दुसऱ्या कंपनीशी बांधलेला आहे आणि परवानगी घेऊन आला आहे.

आता मामाचा मूळ प्रश्न. गिटार कुठाय?

अर्धं उत्तर आत्तापर्यंत आलंच. बराच वेळ ती मागे आहे, दुसऱ्याच्या सोलोखाली. उरलेलं अर्धं यंत्राचं आहे. या अल्बममध्ये मॅकलॉफ्लिन बऱ्याच ठिकाणी गिटार-सिंथेसायझर वाजवतात. साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांचं कंपन पकडून आवाज मोठा करतात. या प्रकारात सहा तारांना सहा वेगळे संवेदक असतात. कोणती तार कोणत्या स्वरावर आहे, किती जोराने छेडली, किती ओढली, हे ओळखून ती माहिती ते यंत्राला देतात, आणि यंत्र त्या माहितीवरून हवा तो आवाज काढतं. फुंकवाद्यासारखा, लांब टिकणारा, तारेचा टणत्कार नसलेला. म्हणजे मामाने डोळे मिटून जे बासरीच्या जातीचं काहीतरी समजून ऐकलं त्यात काही वेळा गिटारवालाच होता. अनेक समीक्षकांना हा आवाज रुचला नाही. मलाही आधी नाही रुचला. त्यांचे अस्सल तारेचे सूर ऐकायची ओढ होती. पण सॅक्सोफोन, बासरी आणि गाणारा गळा यांच्यात बसायचं तर तोडून बोलणाऱ्या वाद्यापेक्षा श्वासासारखं लांबणारं वाद्य त्यांना जवळचं वाटलं असावं, असं मला आता वाटतं. ओढलेल्या स्वराला खालून तसाच ओढलेला स्वर मिळतो आणि शिवण दिसत नाही.

मामाला हे पटलं नाही. "आपला आवाज टाकून द्यायचा? भीमसेनांनी टाकला असता का?" यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पण मागच्या रविवारी मी त्याला मित्राची ती रचना ऐकवली. काही सांगितलं नव्हतं, बासरी आहे एवढंच. पहिला भाग त्याने नुसता ऐकला. गंधारावर बासरी थांबली तेव्हा मान हलली. मग ते दोन बार आले, नुसता बास आणि ड्रम, आणि मामाने हात वर केला. "थांब. परत लाव." परत लावलं. त्याने अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि मोजलं. "आठ मात्रा. आणि हे टक् कशाचं?" मी म्हटलं, बासरी खाली ठेवल्याचं. तो काही बोलला नाही. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, डोळे मिटले, आणि श्वास ऐकू आला तेव्हा त्याने स्वतःचाही श्वास घेतला, जणू दुसरी बासरी त्यालाच उचलायची होती.